द्वारकाबाई खानावळ वाढवणार!

"चाख आणि खरं सांग," नेव्हिलनं ग्लास माझ्यापुढं सरकवला. "खोटं बोललीस तर कळतं मला. उगाच डोळे मोठे करतेस."

दुपारचे तीन वाजले होते. 'बॉबिन' उघडायला अजून चार तास होते, टेबलांवर खुर्च्या उलट्या टाकलेल्या होत्या आणि कुणीतरी आत लिंबं सोलत होतं. लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात, जिथं पूर्वी सुताच्या बॉबिनांच्या पेट्या रचून ठेवायचे त्या जागेत, हा बार नुकताच सुरू झाला होता. नेव्हिल कुटिन्हो तिथला मुख्य बारटेंडर. वसईचा, माझ्याच वयाचा, आणि स्वतःच्या हातावर माझ्याइतकाच खूश.

मी एक घोट घेतला. जिन होती, कोकमाचं आगळ होतं, हिरव्या मिरचीचा ठसका होता आणि वर नारळाच्या दुधाचा फेस. डोळे मोठे न करण्याची मी पुरेपूर काळजी घेतली.

"खारट झालंय."

"ते आगळातलं मीठ. आगळ द्वारकाबाईंचं आहे."

"मग थोडी साखर वाढव. द्वारकाबाईंच्या आगळाला नावं ठेवणारी मी कोण!"

तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. एका मराठी दैनिकाच्या शुक्रवारच्या पुरवणीत 'ताट-वाटी-ग्लास' नावाचं सदर लिहायचे. कुठं नवं हॉटेल निघालं, कुठला आचारी कुठं पळाला, कुठल्या बारमध्ये पेल्यात काय नवीन ओतलं जातंय, सगळं त्यात. मुंबईत काय शिजतंय ते माझ्याइतकं कुणालाच कळत नाही अशी माझी पक्की खात्री होती, आणि ती काही अगदीच चुकीची नव्हती. चार वर्षांत माझ्या सदरावर एकही दुरुस्ती छापावी लागलेली नव्हती. हे मी ऑफिसात आठवड्यातून एकदा तरी सगळ्यांना ऐकवायचे.

ग्लास हातात असतानाच फोन वाजला. द्वारकाबाईंचाच.

द्वारकाबाई तिरोडकर म्हणजे गिरणीच्या फाटकासमोरच्या गल्लीतली खानावळ. सहा बाकडी, एक मोरी, एक देव्हारा आणि माशाची आमटी अशी की ज्यानं ती खाल्ली त्यानं घरच्या आमटीला उगाच नावं ठेवावीत. एकेकाळी तीनही पाळ्यांचे कामगार तिथं महिन्याच्या बोलीनं जेवायचे. आता आसपासच्या ऑफिसांतली पोरं आणि माझ्यासारखी चटोर मंडळी. बाईंचं वय तेव्हा अडुसष्ट होतं.

"गो शाल्मली, लिहून घे," त्या म्हणाल्या. त्यांना नमस्कार-चमत्काराची सवय नव्हती. "येत्या शनिवारी दुपारचं जेवण झालं, की मी खानावळ वाढवतेय. तुझ्या पेपरात छाप. माझी जुनी माणसं कुठं कुठं पांगलीत. कुणी बदलापूर, कुणी पनवेल, कुणी गावी. सगळ्यांना कळू दे. शनिवारी जेवायला या म्हणावं. आणि काय गो, कुडाळात येतो ना तुझा पेपर?"

"येतो की. शुक्रवारी सकाळी सगळीकडे."

"कुडाळात नक्की येतो?"

"नक्की, बाई!"

"मग झालं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

फोन नीट ऐकू आला नाही, मागं बर्फ खळखळत होता, असं मी पुढं सांगू शकले असते. पण खोटं कशाला बोलू? मी शब्द न शब्द ऐकला होता.

"द्वारकाबाई खानावळ वाढवतायत!" मी नेव्हिलला सांगितलं.

"तरीच!" त्यानं बारवर थाप मारली. "परवाच मला म्हणाली, पुढच्या महिन्यापासून आगळाची सोय दुसरीकडं बघ. मला वाटलं रागावली. आत्ता कळलं. एवढी गर्दी होणार तर तिलाच पुरायचं नाही."

दोन अधिक दोन चार झाले. बाईंच्या शेजारी एक झेरॉक्सचं दुकान होतं, त्याला दोन महिने कुलूप होतं. म्हणजे तोच गाळा घेतला असणार. दुसरं काय?

ऑफिसात येऊन मी अर्ध्या तासात बातमी ठोकली. शीर्षक बाईंच्याच शब्दांत घेतलं, कारण असं शीर्षक आपल्या डोक्यातून निघत नाही: 'द्वारकाबाई खानावळ वाढवणार!' खाली मग माझी कारागिरी. शेजारचा गाळा, आणखी तीस माणसांची सोय, नवे पंखे, आणि 'चकचकीत कॉकटेल बारच्या जमान्यातही आमटी-भाताचा झेंडा फडकतोय' वगैरे.

पुरवणीचे प्रमुख गोगटे सर. भिंगाच्या चष्म्याचे, कानामात्रा चुकला तर दोन दिवस न बोलणारे.

"बोललीस ना बाईंशी?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय! शब्द न शब्द."

"शेजारचा गाळा घेतला म्हणाल्या?"

"सर, वाढवायची म्हटल्यावर काय हवेत वाढवणार?"

त्यांनी शीर्षकावर पेन्सिल टेकवली, खालचा मजकूर पुन्हा वाचला आणि पान सोडलं.

शुक्रवारी सकाळी साडेआठला बाईंचा फोन आला. "कुठं आहेस? ये. चहाही पिऊ नको. आत्ताच्या आत्ता ये."

मला वाटलं, पेढे द्यायला बोलावतायत. खरंच वाटलं. जाताना मी त्यांच्यासाठी मोगऱ्याचा गजरा घेतला.

खानावळीच्या दारात तीन मोठाले पुष्पगुच्छ ठेवलेले होते. एकावर इंग्रजीत 'विस्ताराबद्दल अभिनंदन' अशी सोनेरी फीत. खाण्याबद्दल ब्लॉग लिहिणारी दोन पोरं कॅमेरा घेऊन 'नवा विभाग कुठंय' म्हणून विचारत होती. आणि एक इंटिरियर डेकोरेटर, कुणीही न बोलावता आलेला, शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या भिंतीला टेप लावून मापं घेत होता.

द्वारकाबाईंनी माझं मनगट धरलं आणि मला सरळ आत चुलीपाशी नेलं. दुसऱ्या हातात पेपर होता.

"काय छापलंस गो हे?"

"तुम्ही सांगितलंत तेच."

"मी काय सांगितलं?"

"खानावळ वाढवतेय म्हणालात."

"मग?"

"मग तेच छापलं ना!"

"आणि हे पंखे? हे नवे पंखे कुठून आणलेस तू?"

पंखे मी माझ्या मनानंच लावले होते.

"मला सांग," त्या स्टुलावर बसल्या. गुडघे धरून, हळूहळू बसल्या, ते माझ्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. "रात्री भांडी घासून झाली, देवापुढं हात जोडले, की मी दार ओढून घेते. त्याला काय म्हणतात?"

"दुकान बंद केलं म्हणतात."

"बांगडी पिचली तर?"

"फुटली म्हणतात."

"देवापुढं नारळ?"

"फोडतात."

"अरे कर्मा!" त्यांनी कपाळावर हात मारला. "आणि घरातून निघताना तरी काय म्हणतेस? जाते म्हणतेस?"

"नाही. 'येते' म्हणते."

"एवढं तरी शिकवलंय आईनं. अगो, बांगडी वाढवतात. नारळ वाढवतात. दुकान वाढवतात! दिवसाचं काम संपलं की आम्ही म्हणतो, चला, वाढवूया."

गजरा हातातच होता.

"म्हणजे... तुम्ही खानावळ बंद करताय?"

"तो शब्द काढू नको इथं!" त्यांनी हातातली पळी पातेल्यावर अशी आपटली, की बाहेरचा टेपवाला आत डोकावून गेला. "बंद आमच्या यांची गिरणी झाली. तिला कुणी वाढवली नाही. सकाळच्या पाळीला माणसं गेली तर फाटकावर कागद डकवलेला. आदल्या दिवशीचा डबा कुणाकुणाचा आतच राहिला. त्याला म्हणतात बंद. वाढवायचं म्हणजे नीट आवरायचं. सगळी जेवली का बघायचं, चूल सारवायची, दिवा लावायचा, आणि मग आपल्या हातानं दार ओढायचं. गुडघे गेलेत माझे. लेक वेंगुर्ल्याला बोलावतेय. सोमवारी गाळ्याची चावी देणार मी. पण माझी खानावळ बंद व्हायची नाही. मी ती वाढवणार."

मला रडू फुटलं. बाईंच्या दुःखानं नव्हे, स्वतःच्या लाजेनं फुटलं, सरळच सांगते.

"रडतेस काय? कांदा चिर, म्हणजे कारण तरी होईल," त्या म्हणाल्या. मग पेपराची घडी घालत, "छापायला सांगितलं ते एकाच माणसासाठी. बाकीच्यांना कसंही कळवलं असतं."

"कुणासाठी?"

"बुधाजी परब. आता कुडाळात असतो. यांच्या खात्यातला. वीस वर्षं त्या दाराजवळच्या बाकावर जेवला. गिरणी गेली, हेही गेले, आणि एक दिवस जेवता जेवता मला म्हणाला, 'द्वारका, आता तूही बंद कर.' माझ्या भल्याचंच बोलत होता. पण तो शब्द ऐकला नि माझं डोकं फिरलं. म्हटलं, ऊठ. भरल्या पानावरून उठवला त्याला. बांगडा अर्धा टाकून गेला." त्यांनी नाक ओढलं. "खानावळवालीनं कधी कुणाला पानावरून उठवायचं नसतं. एकोणीस वर्षं झाली. फोन केला तर माझा आवाज ऐकून ठेवतो. म्हटलं पेपरात वाचेल, शेवटचं जेवायला तरी येईल, ते जेवण पुरं करून जाईल. आता कसला येतोय? मोठी होतेय म्हटल्यावर घाई कुणाला? दिवाळीनंतर बघू म्हणतील सगळे. आणि उद्या मी वाढू कुणाला, ह्या फुलांना?"

बाईंकडून घेऊन मी तिथूनच बुधाजींचा नंबर लावला. माझा आवाज तर ते ओळखत नव्हते. रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही. दुपारपर्यंत मी अकरा वेळा लावला.

गोगटे सरांपुढं जाऊन उभी राहिले तेव्हा मी डोळे पुसलेले होते, पण नाक लाल होतं. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तरी मला शंका आली होती," ते म्हणाले. "पण खाली तू गाळा दिलास, पंखे दिलेस, म्हणून सोडलं. वा! शीर्षक बरोबर आणि बातमी चूक. तीस वर्षांत असं पहिल्यांदा बघतोय."

"सर, दुरुस्ती उद्याच जायला हवी."

"जाईल. पान दोन, तळाला. 'अनवधानाने प्रसिद्ध झाले, दिलगीर आहोत.' दोन ओळी."

"ती कोण वाचतं? शहराच्या पानावर, वर, चौकटीत हवी. माझ्या नावानं. आणि अनवधानानं काही झालेलं नाही. पंखे मी पूर्ण शुद्धीत लावले."

"शाल्मली, तुझी पहिली दुरुस्ती आहे ही. ती तू स्वतः चौकटीत मागतेस? नावासकट? लोक वर्षभर हसतील."

"हसू देत. चार वर्षं मी ज्या तोऱ्यात फिरले ना सर, त्या मानानं वर्षभर म्हणजे स्वस्तच."

ते पहिल्यांदा जरा हसले. "लिही. आणि पुन्हा कुणी काही सांगितलं, की 'म्हणजे काय' असं विचारत जा. त्यानं कमीपणा येत नाही."

शनिवारी चौकट आली. 'माझी चूक' असं शीर्षक होतं. 'शेजारचा गाळा, तीस माणसांची सोय आणि नवे पंखे या तिन्ही गोष्टी मी मनानं रचल्या. द्वारकाबाई तिरोडकर आज दुपारी त्यांची खानावळ वाढवत आहेत. या शब्दाचा अर्थ ज्यांना कळतो त्यांनी जेवायला यावं. ज्यांना कळत नाही त्यांनीही यावं, मी तिथंच वाढायला आहे.' खाली माझं नाव.

साडेदहाला नेव्हिल आला, 'बॉबिन'चे काळे ॲप्रन घातलेली दोन माणसं घेऊन. "सोलकढी आमच्याकडं," तो बाईंना म्हणाला. "ढवळायची कशी तेवढं सांगा." त्यानं सवयीनं कढी शेकरमध्ये ओतली आणि खांद्यावर धरून हलवायला लागला.

"अरे मेल्या, ते काय बाळ आहे खांद्यावर घेऊन झोपवायला?" बाई ओरडल्या. "पळी घे!"

मला भात वाढायला दिला. बाई स्टुलावर बसून नुसती नजर ठेवत होत्या. "हात आखडू नको. एकदा 'नको' म्हणाला तरी वाढायचं. दुसऱ्यांदा म्हणाला तर विचारायचं. तिसऱ्यांदा पानावर हात आडवा धरला की मगच पुढं." चुलीशेजारी एक ताट झाकून ठेवलेलं होतं. मी झाकण उचलायला गेले तर माझ्या हातावर चापट बसली.

साडेअकरापासून माणसं यायला लागली. ऑफिसातली पोरं आली, ब्लॉगवाले आले, टेपवालाही आला आणि मुकाट्यानं बाकावर बसला. पण बारानंतर आली ती वेगळी माणसं. पांढऱ्या टोप्या, इस्त्रीचे सदरे, कुणाला लेकीनं धरलेलं, कुणाला नातवानं. गल्लीत रांग लागली. आत येऊन जो तो देव्हाऱ्याला हात जोडायचा, मग बाईंना, मग आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसायचा. त्यांना कुणी जागा दाखवायची गरज नव्हती.

मी प्रत्येकाला भात वाढता वाढता माफी मागत होते. "काल चुकीचं छापलं मी. माफ करा हं."

"चुकीचं कुठं?" बदलापूरहून आलेले एक काका म्हणाले. "बरोबर तर होतं. आम्ही कालच ठरवलं यायचं."

मला वाटलं, चांगले आहेत बिचारे, माझी बाजू सावरतायत. पनवेलच्या एक बाई तेच म्हणाल्या. मग आणखी एकजण. मी मान डोलवत पुढं जात राहिले. माझं लक्ष दाराजवळच्या बाकाकडं होतं. तिथं बाई कुणालाच बसू देत नव्हत्या.

अडीच वाजले. भात संपत आला. आमटीचा तळ दिसला. बाई आता दाराकडं बघत नव्हत्या, ते मला जास्तच लागलं. नेव्हिलनं माझ्या कानात विचारलं, "आला तो?" मी नाही म्हणून मान हलवली.

पावणेतीनला दारात एक म्हातारा उभा राहिला. काटकुळा, खांद्याला कापडी पिशवी, अंगावर प्रवासाच्या सुरकुत्या पडलेला सदरा. त्यानं वर पाटीकडं पाहिलं, मग समोर गिरणीच्या फाटकावर लावलेल्या 'बॉबिन'च्या पाटीकडं पाहिलं.

"बॉबिन म्हणान दारूचा दुकान घातल्यानी?" तो कुणालाही न उद्देशून म्हणाला. "बरा. नाव तरी ऱ्हवला."

जुनी माणसं सगळी वळून बघायला लागली. तो आत आला, दाराजवळच्या बाकावर बसला आणि पिशवी मांडीवर घेतली.

मला राहवेना. मी भाताचं पातेलं घेऊन तशीच पुढं झाले. "बुधाजीकाका ना? तुम्ही आजची दुरुस्ती वाचलीत? आमची चौकट?"

"कसली चौकट?"

"आजच्या पेपरात आलीय ती."

"आजचो पेपर कोणी बघल्यान? मी काल सांजच्या एष्टीत बसलंय, वाटेत दोनदा बंद पडली, आता पोचतंय. काल सकाळी सुनेन वाचून दाखवल्यान, द्वारकाबाई खानावळ वाढवणार. तिका म्हटलंय, फुडचा वाचू नको. पिशवी भर."

"पण... खाली लिहिलं होतं ना, शेजारचा गाळा घेतलाय, मोठी होणार आहे..."

"खालचा कोण वाचता?" बुधाजी म्हणाले.

बदलापूरचे काका खो खो हसले. पनवेलच्या बाईंनी तोंडाला पदर लावला. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. हे सगळे कालच्याच शीर्षकावर आले होते. माझ्या चौकटीनं आणली ती मोजकी आमची पोरं. बाकी सगळी गल्ली भरली होती ती त्या एका शब्दानं. मला ज्याचा अर्थ ठाऊक नव्हता, तो मी जसाच्या तसा छापला होता, आणि ज्यांच्यासाठी तो होता त्यांच्यापर्यंत तो सुखरूप पोचला होता.

पण हे सगळं मला नंतर नीट सुचलं. त्या क्षणी मी बाईंकडं बघत होते. त्या स्टुलावरून उठल्या. मी हात द्यायला गेले तर हात झटकला. चुलीशेजारचं ते झाकलेलं ताट त्यांनी उचललं आणि एकेक पाऊल टाकत दाराजवळ आल्या. ताटात बांगड्याचं तिखलं होतं, भात होता, वाटीत सोलकढी होती. एकोणीस वर्षांपूर्वी त्या दिवशी पानात हेच होतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

ताट बाईंच्या हातात तसंच.

शेवटी बुधाजींनीच वर पाहिलं. "द्वारका," ते म्हणाले, "वाढवूच्या आधी माका वाढ."

बाईंनी ताट त्यांच्यापुढं ठेवलं. खाली वाकताना त्यांचे गुडघे कटकन वाजले, ते सगळ्यांना ऐकू आलं. "जेव रे," त्या म्हणाल्या. "आता उठूचा नाय."

बुधाजी जेवले. सावकाश, काटा न् काटा बाजूला काढून जेवले. त्यांचं जेवण होईस्तोवर कुणीही हात धुवायला उठलं नाही, ब्लॉगवाल्या पोरांनीही नाही. भात मागितला तेव्हा पातेल्यात खरवडच उरली होती. मी ती खरवडून वाढली. त्यांनी पानावर हात आडवा धरला नाही.

चार वाजता सगळं आवरलं. नेव्हिलनं पातेली घासली, मी चूल पुसली. बाईंनी देवापुढं दिवा लावला, उंबऱ्यावर नारळ वाढवला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. मग त्यांनी दार ओढून घेतलं. दोन्ही हातांनी, मागं लोटलेली खुर्ची आत सारावी तसं. कडी घातली. कडीवर हात ठेवूनच म्हणाल्या, "येते हं."

या गोष्टीला बारा वर्षं झाली. बाई वेंगुर्ल्यात लेकीकडं सहा वर्षं सुखानं राहिल्या, आणि दर कोकमाच्या हंगामात नेव्हिलला आगळ पाठवत राहिल्या. मी 'ताट-वाटी-ग्लास' लिहीत राहिले. दुरुस्त्या त्यानंतर आणखी पाच आल्या. सगळ्या मी चौकटीतच मागून घेतल्या.

गेल्या महिन्यात मला वाटलं, आता पुरे. जिभेला सगळं कळतं, पण हात कंटाळलाय. नव्या संपादकांना कळवलं, 'या महिन्याच्या अखेरीस मी सदर वाढवतेय.' दोन मिनिटांत त्यांचा अंगठा आला. 'मस्त! किती शब्द वाढवायचे?' मी हसत सुटले. उत्तर दिलं नाही. पुढच्या सदराला तीच ओळ, त्याच शब्दांत, शीर्षक म्हणून देऊन टाकली. दिवसभर वाचकांच्या शुभेच्छा येत होत्या. अर्धं पान मिळालं का, पूर्ण पान मिळालं का, अभिनंदन, अभिनंदन.

संध्याकाळी पणजीहून फोन आला. नेव्हिलचा आता तिथं स्वतःचा बार आहे. त्यानंही नमस्कार-चमत्कार केला नाही.

"वाचलं," तो म्हणाला. "शीर्षकापुरतंच. शनिवारी येतोय मी मुंबईला. वाढवायच्या आधी वाढशील ना?"

"ये," मी म्हटलं. "येताना बांगडे तू आण."